पत्र आलं, पण करार आधीच झाला होता

१० जानेवारी २००८ या तारखेची पत्रं फ्लोरिडातल्या काही तरुण मुलींच्या हाती पडली. पाठवणारी होती एफबीआय. मजकूर साधारण असा होता: तुमच्या प्रकरणाचा तपास सध्या सुरू आहे, अशा कामाला बराच वेळ लागू शकतो, आम्ही कसून तपास करत आहोत, तोवर कृपया धीर धरा.

या मुली अल्पवयीन असताना जेफ्री एपस्टीन नावाच्या गडगंज माणसाने त्यांचं लैंगिक शोषण केलं होतं. सरकारचं पत्र आल्यावर त्यांनी धीर धरला. त्यांना हे ठाऊक नव्हतं की पत्राच्या साडेतीन महिने आधीच, २४ सप्टेंबर २००७ रोजी, सरकारी वकील आणि एपस्टीन यांच्यात करार होऊन गेला होता. त्यानुसार केंद्र सरकार, म्हणजे अमेरिकेत ज्याला ‘फेडरल’ म्हणतात ते, फ्लोरिडाच्या त्या जिल्ह्यात त्याच्यावर खटला भरणार नव्हतं. त्याचे चार साथीदार कराराच्या कागदात नावानिशी होते आणि त्यांच्यावरही खटला होणार नव्हता. शिवाय ‘संभाव्य साथीदार’ अशी मोघम शब्दयोजना करून बाकीच्यांसाठीही दार उघडं ठेवलं होतं. हा करार जाहीर नोंदीत येणार नाही, असंही त्यात लिहिलं होतं.

गुन्हा ज्याच्यावर झाला, त्याला सरकारने आरोपीशी केलेला करार कळवायला हवा का? हवा असेल तर कधी? ऐकायला साधा वाटणारा हा प्रश्न अमेरिकेतल्या न्यायालयांत तेरा वर्षं लढवला गेला. त्याचं उत्तर समजून घ्यायचं तर तिथे खटले कसे निकाली निघतात, ते आधी पाहायला हवं.

आपल्या मनात कोर्ट म्हटलं की साक्षीपुरावे, उलटतपासणी, मग निकाल असं चित्र असतं. अमेरिकेच्या फेडरल न्यायालयांत प्रत्यक्षात असं क्वचित घडतं. तिथे दोषी ठरलेल्या दर १०० जणांपैकी ९० हून जास्त जणांनी स्वतःच गुन्हा कबूल केलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा सरकारी वकिलाशी बोलणी करूनच. या बोलण्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार. पहिला, गुन्हा-कबुलीचा सौदा, म्हणजे प्ली बार्गेन: काही आरोप कबूल कर, बाकीचे आम्ही सोडतो किंवा कमी शिक्षा मागतो. दुसरा, खटला लांबणीवर टाकण्याचा करार. यात आरोप कोर्टात दाखल होतात, पण सरकार म्हणतं की ठरावीक काळ नीट वागलात, दंड भरलात तर आम्हीच ते मागे घेऊ. मोठ्या कंपन्यांशी बहुधा असे करार होतात. तिसरा, खटला न भरण्याचा करार. यात आरोपच दाखल होत नाहीत. न्यायाधीशासमोर काही येतच नाही. दोन्ही बाजूंचे वकील सह्या करतात आणि कागद फाइलीत जातो.

तिसरा प्रकार लक्षात ठेवा. सगळं पुढे त्याच्यापाशीच अडलं.

यात पीडिताची जागा कुठे? कायद्याच्या जुन्या समजुतीप्रमाणे कुठेच नाही. गुन्हा हा समाजाविरुद्ध असतो, म्हणून खटला सरकार लढवतं. आपल्याकडेही कोर्टाच्या कागदावर ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असंच लिहिलेलं असतं. ज्याचं डोकं फुटलं किंवा ज्याचा मुलगा गेला, त्याचं नाव शीर्षकात नसतं. तो साक्षीदारांच्या यादीत कुठेतरी असतो. पंच, डॉक्टर, तपासी अंमलदार, तसाच तोही. खासगी सूडाऐवजी कायद्याचं राज्य आणताना ही व्यवस्था आवश्यक होती, हे मला मान्य आहे. पण तिची किंमत कुणी मोजली, हेही बघायला हवं.

ही चूक थोडी दुरुस्त करावी म्हणून अमेरिकेने २००४ साली गुन्हेपीडितांच्या हक्कांचा कायदा केला. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ३० ऑक्टोबरला त्यावर सही केली. आठ हक्क त्यात होते. सुनावणीची तारीख वेळेवर कळण्याचा हक्क, जामीन, कबुली आणि शिक्षा यांच्या सुनावणीत आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क, सरकारी वकिलाशी वाजवी विचारविनिमय करण्याचा हक्क, न्यायाने आणि सन्मानाने वागवलं जाण्याचा हक्क, वगैरे. सौद्याला नकार देण्याचा अधिकार मात्र पीडिताला दिलेला नाही. सरकारी वकिलाचं स्वातंत्र्य या कायद्याने कमी होणार नाही, असं त्यातच स्पष्ट लिहिलंय. म्हणजे कायदा पीडिताला व्हेटो देत नाही. सही करायच्या आधी मला सांगा आणि माझं ऐकून घ्या, मग तुमचा निर्णय तुम्ही घ्या, इतकंच मागण्याची मुभा देतो.

एवढं कमी मागणं होतं, आणि तेवढंही पाळलं गेलं नाही.

फ्लोरिडाच्या प्रकरणात तीसहून अधिक मुली तपासात निष्पन्न झाल्या होत्या. सरकारी वकिलांच्या कार्यालयात ५३ पानांचं आरोपपत्र मसुद्याच्या रूपात तयार होतं. ते दाखल झालंच नाही. कराराप्रमाणे एपस्टीनने ३० जून २००८ रोजी राज्याच्या कोर्टात वेश्याव्यवसायाशी संबंधित दोन गुन्हे कबूल केले. १८ महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले सुमारे १३ महिने त्याने काढले, तेही दिवसा बाहेर कामावर जाण्याची सवलत घेऊन. ज्या मुलींना जानेवारीत ‘धीर धरा’ म्हटलं होतं, त्यांना या सुनावणीचा खरा अर्थ कुणी समजावून सांगितला नाही. केंद्राचं प्रकरण याच कबुलीबरोबर मिटतंय, हे त्यांना कळलं नाही.

७ जुलै २००८ रोजी त्यांच्यातल्या एकीने कोर्टात तातडीचा अर्ज केला. कागदोपत्री तिचं नाव ‘जेन डो क्रमांक १’. आपल्याकडे वकील ‘पीडिता क्र. १’ लिहितात, तसंच. (पुढे ती स्वतःच्या नावाने उभी राहिली, पण समजावण्यासाठी त्या नावाची गरज नाही, म्हणून इथे लिहीत नाही.) तिचं म्हणणं एका वाक्याचं होतं: कायद्याने मला सरकारी वकिलाशी बोलण्याचा हक्क दिलाय आणि माझ्याशी कुणी बोललं नाही. कराराची प्रत सार्वजनिक व्हायला २००९ उजाडलं. वकिलांमधले ईमेल कोर्टासमोर यायला आणखी काही वर्षं गेली. पीडितांना काय कळवायचं, कधी कळवायचं, यावर सरकारी वकील आरोपीच्या वकिलांशी चर्चा करत होते, हे त्या ईमेलमधून दिसलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबून पुन्हा वाचलं. मुलींना काय सांगायचं, हे आरोपीच्या वकिलांना विचारलं जात होतं आणि मुलींना विचारलं जात नव्हतं.

सरकारची बाजूही सांगायला हवी. करार टिकेल की मोडेल याची तेव्हा खात्री नव्हती, आरोपीचे वकील वॉशिंग्टनपर्यंत दाद मागत होते. करारात नुकसानभरपाईची तरतूद होती. ती मुलींना आधीच सांगितली असती आणि उद्या खटला उभा राहिला असता, तर बचाव पक्षाने ‘पैशासाठी बोलतायत’ असा वार केला असता. ही भीती अगदीच खोटी नव्हती. उलटतपासणी कशी होते हे ज्याने पाहिलंय त्याला ती समजेल. पण त्यावर उपाय म्हणून दिशाभूल करणारं पत्र पाठवणं हे कशातच बसत नाही.

आता कायद्याचा खरा पेच. मुलींच्या वकिलांनी ‘विचारविनिमयाचा हक्क’ पुढे केला. सरकारने उत्तर दिलं की हा हक्क ‘प्रकरणातल्या’ सरकारी वकिलाशी बोलण्याचा आहे. आरोपपत्रच दाखल झालं नाही, मग प्रकरण कुठलं? आणि प्रकरण नाही तर हक्क कुठला?

शब्दांचा खेळ वाटेल, पण त्यावरच सगळं ठरणार होतं. हक्क खटला दाखल झाल्यावर सुरू होत असेल, तर खटला न भरण्याचा करार करताना पीडिताला कधीच काही कळवावं लागणार नाही, कारण तिथे खटला नसणं हाच करार असतो. मुलींच्या बाजूने कायद्यातलंच एक वाक्य होतं. हक्क डावलला तर अर्ज कुठे करायचा हे सांगताना कायदा म्हणतो की खटला चालू नसेल, तर गुन्हा जिथे घडला त्या जिल्ह्याच्या न्यायालयात करा. खटला नसतानाही अर्ज करता येतो असं कायदाच म्हणत असेल, तर खटल्याआधीही हक्क आहेच. जिल्हा न्यायाधीश केनेथ मारा यांनी २०११ साली हे मान्य केलं. २१ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यांनी निकाल दिला: सरकारी वकिलांनी कायदा मोडला.

मधल्या काळात ज्यांच्या कार्यालयाने तो करार केला ते अलेक्झांडर अकोस्टा अमेरिकेचे कामगारमंत्री झाले होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘मायामी हेरल्ड’ या वृत्तपत्राच्या ज्युली ब्राऊन यांनी हे प्रकरण पुन्हा उजेडात आणलं. जुलै २०१९ मध्ये एपस्टीनला न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांच्या प्रकरणात अटक झाली, अकोस्टांनी राजीनामा दिला, आणि १० ऑगस्टला एपस्टीन कोठडीत मरण पावला. त्यामुळे कायदा मोडला असं ठरूनही त्यावर द्यायचा उपाय उरला नाही. पुढच्या महिन्यात न्यायाधीश मारा यांनी उपाय नाकारला. करार ज्याच्याशी होता तोच गेला, आता काय रद्द करणार?

जेन डो वरच्या न्यायालयात गेली. अटलांटाच्या अकराव्या सर्किट (म्हणजे विभाग) अपील न्यायालयात एप्रिल २०२० मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोनविरुद्ध एक मतांनी तिच्या विरोधात निकाल दिला. मग सर्व न्यायाधीशांच्या पीठाने पुन्हा ऐकलं आणि १५ एप्रिल २०२१ रोजी सातविरुद्ध चार मतांनी तेच ठरलं. निकालपत्र केविन न्यूसम यांचं. या घटना म्हणजे राष्ट्रीय लाजिरवाणी गोष्ट आहे, असं त्यांनी आधीच्या निकालात लिहिलं होतं, आणि तरीही निकाल मुलींविरुद्ध दिला. त्यांचा मुद्दा असा: सरकारने फौजदारी कारवाई सुरू करण्यापूर्वी पीडिताने स्वतंत्र दावा लावावा, अशी सोय या कायद्याने केलेली नाही. तसा अर्थ काढला तर कुणावर खटला भरायचा आणि कुणावर नाही, या सरकारी वकिलाच्या निर्णयात न्यायालयं शिरतील. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. दावा तिथे संपला.

मला हा निकाल पटत नाही. पीडिताला कळवल्याने सरकारी वकिलाचं स्वातंत्र्य जात नाही. बाकी राहते ती गैरसोय, आणि कायदा केला तो ती गैरसोय सोसण्यासाठीच.

दरम्यान २०१५ साली अमेरिकी संसदेने पीडितांच्या हक्कांच्या याच कायद्यात दोन हक्क वाढवले होते. त्यातला एक थेट आपल्या विषयाचा: कबुलीच्या सौद्याची किंवा खटला लांबणीवर टाकण्याच्या कराराची माहिती वेळेवर मिळण्याचा हक्क. वाक्य परत वाचा. दोन करारांची नावं आहेत. तिसरा, खटला न भरण्याचा करार, त्यात नाही. ज्या प्रकारच्या कागदाने फ्लोरिडाच्या मुलींना अंधारात ठेवलं, नेमका तोच शब्दांच्या बाहेर राहिला.

करार कोर्टात पोचलेला असतो तेव्हा तरी चित्र बरं असतं का? थोडं. टेक्सास सिटीत २००५ साली बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १५ कामगार मेले, दीडशेहून जास्त जखमी झाले. सरकारने कंपनीशी सौदा ठरवला आणि तो होईपर्यंत पीडितांना कळवू नये, असा आदेश न्यायाधीशाकडून गुपचूप मिळवला. कारण काय, तर पीडित फार आहेत आणि बातमी फुटली तर बोलणी फिसकटतील. २००८ मध्ये पाचव्या सर्किट न्यायालयाने हे चूक ठरवलं. सौदा होण्याआधी बोलायला हवं होतं, नंतर नाही, असं स्पष्ट सांगितलं. पण सौदा तिथल्या तिथे मोडला नाही.

बोइंगचं प्रकरण आपल्या जास्त जवळचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात ७३७ मॅक्स जातीची दोन विमानं कोसळली. ३४६ माणसं गेली. इंडोनेशियाच्या विमानाचा कप्तान भारतीय होता आणि इथिओपियाच्या विमानात भारतीय प्रवासी होते. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकी सरकारने बोइंगशी खटला लांबणीवर टाकण्याचा करार केला, एकूण अडीच अब्ज डॉलरचा. कुटुंबांना हे कळलं ते करार जाहीर झाल्यावर. सरकारने आधी म्हटलं की कायद्याच्या अर्थाने हे लोक पीडितच नाहीत, कारण आरोप विमान वाहतूक नियामकाला फसवल्याचा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये टेक्सासचे न्यायाधीश रीड ओकॉनर यांनी हे फेटाळलं. फसवणूक झाली नसती तर ही माणसं वाचली असती, म्हणून कुटुंबं पीडितच. जानेवारी २०२३ मध्ये फोर्ट वर्थच्या कोर्टात कंपनी आरोपी म्हणून हजर झाली आणि कुटुंबातली माणसं एकामागून एक उभी राहून बोलली. पण त्यामुळे करार बदलला नाही. पुढे सरकारने केलेला कबुलीचा सौदा न्यायाधीशांनी डिसेंबर २०२४ मध्ये नाकारला. मग २०२५ मध्ये सरकारने काय केलं? खटला न भरण्याचा करार. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कुटुंबांचा विरोध असूनही आरोप रद्द झाले.

एक करार मुंबईशीही जोडलेला आहे. २६/११ च्या हल्ल्यासाठी रेकी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने मार्च २०१० मध्ये शिकागोत बारा आरोप कबूल केले. सौदा असा की त्याला फाशी मागितली जाणार नाही आणि भारताच्या हवाली केलं जाणार नाही. जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. ताजमध्ये, सीएसएमटीवर, कामा रुग्णालयाच्या गल्लीत ज्यांची माणसं गेली, त्यांच्या गुन्ह्याची बोलणी दुसऱ्या देशात दोन वकिलांच्या टेबलावर झाली. शिक्षेच्या सुनावणीत हल्ल्यातून वाचलेली एक अमेरिकी महिला बोलली. अमेरिकेच्या त्या कायद्यात पीडित म्हणजे गुन्ह्यामुळे थेट इजा झालेली व्यक्ती. पासपोर्ट कुठला, हे व्याख्या विचारत नाही. पुढे मुंबईच्या न्यायालयानेही डिसेंबर २०१५ मध्ये हेडलीला माफीचा साक्षीदार केलं.

मग आपल्याकडे काय? कागदावर आपली स्थिती काही बाबतीत अमेरिकेपेक्षा चांगली आहे. प्ली बार्गेनिंग आपल्याकडे २००६ पासून आहे, पण सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी, आणि स्त्रिया व बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांना ते लागूच नाही. एपस्टीनसारखं प्रकरण त्यात बसणार नाही. जिथे लागू आहे तिथे पीडिताला नोटीस काढून बोलणीच्या बैठकीत बसवावं लागतं. त्याच्या पाठीमागे मांडवली होऊ शकत नाही, निदान कायद्याने तरी.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आलाय हे पोलिसांनी फिर्यादीला किंवा पीडिताला ९० दिवसांत कळवायचं आहे. मोबाइलवरून कळवलं तरी चालतं. कलम ३६० आणखी महत्त्वाचं. सरकारी वकील कोर्टाच्या परवानगीने खटला मागे घेऊ शकतो. आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय आपल्या राज्यात निघतात, ते याच वाटेने जातात. आता पीडिताला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय कोर्टाला अशी परवानगी देता येत नाही. लखीमपूर खीरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं की पीडिताचा सहभागाचा हक्क तपासापासून सुरू होतो आणि अपील संपेपर्यंत चालतो. अकराव्या सर्किटने ज्या प्रश्नावर ‘नाही’ म्हटलं, त्यावर आपल्या न्यायालयाने त्याच्या नेमकं उलट उत्तर दिलंय. माफीचा साक्षीदार करताना मात्र पीडिताला विचारावं, असं संहितेत लिहिलेलं नाही. ती फट आपल्याकडे आहे.

हक्क कागदावर असला तरी नोटीस हातात पडावी लागते. फिर्यादीत लिहिलेला पत्ता भाड्याच्या खोलीचा असतो, खोली बदलते, मोबाइल नंबर बदलतो, आणि कोर्टाच्या पाकिटावर ‘सदर इसम या पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा मारून ते परत येतं. म्हणून कुणाचं प्रकरण चालू असेल तर पत्ता किंवा नंबर बदलला की पोलीस ठाण्यात आणि सरकारी वकिलांच्या कार्यालयात तसा अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्या. तपासाची माहिती ९० दिवसांत आली नाही तर कलम १९३ चा उल्लेख करून लेखी विचारा. सरकारी वकिलाला साहाय्य करण्यासाठी स्वतःचा वकील नेमायची परवानगी कोर्टाकडे मागता येते, ती मागा. खटला मागे घेण्याचं किंवा तडजोडीचं कानावर आलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता ‘मला ऐकून घ्यावं’ असा अर्ज त्या कोर्टात टाका, आणि पोच घेतलेली प्रत घरी नीट जपून ठेवा.